प्राणवायु आणि रोहिणीकाठिण्य

बरणीच्या तळाशीं राहिलेलें तेल कांहीं महिन्यांनीं खवट होतें, अंगणांत पडलेला लोखंडी खिळा पावसाळ्यांत गंजतो आणि कापून ठेवलेलें सफरचंद घटकाभरांत तांबूस पडतें. या तिन्ही घटना वरकरणी वेगळ्या दिसल्या तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीनें त्यांचें गोत्र एकच आहे. ज्या प्राणवायूवांचून मनुष्य कांहीं मिनिटांपलीकडे जगूं शकत नाहीं, तोच प्राणवायु या पदार्थांशीं संयोग पावून त्यांचें रूप बिघडवीत असतो. या क्रियेस ऑक्सिडीकरण असें नांव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं शास्त्रज्ञांच्या मनांत असा विचार आला कीं, बरणींतल्या तेलाला जें होतें तेंच मनुष्याच्या रक्तांतील स्निग्ध पदार्थांनाहि होत असेल काय? आणि उतारवयांत रक्तवाहिन्या कठीण व अरुंद होऊन हृदयविकाराचा झटका येतो किंवा अर्धांगवायु होतो, त्याच्या मुळाशीं हा खवटपणाच असेल काय? या विचाराचा जन्म, त्याची भरभराट, त्याच्या नांवावर खपलेल्या गोळ्या आणि शेवटीं त्याची झालेली परीक्षा हा वैद्यकाच्या इतिहासांतील एक मोठा बोधप्रद अध्याय आहे.

हृदयाकडून शरीराच्या निरनिराळ्या भागांकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांना रोहिणी किंवा धमनी म्हणतात. निरोगी रोहिणी रबराच्या नळीसारखी लवचीक असते व तिची आंतली बाजू अत्यंत गुळगुळीत असते. रोहिणीकाठिण्याच्या विकारांत या आंतल्या थराखालीं पिवळसर, मऊ व स्निग्ध पदार्थ सांचूं लागतो. त्याच्याभोवतीं तंतुमय आवरण तयार होतें आणि कालांतरानें त्यांत चुन्याचे क्षार बसतात. हें सर्व कित्येक वर्षें मुकाट्यानें चाललेलें असतें. पुढें एखादे दिवशीं वरचें आवरण फाटतें, तेथें रक्ताची गुठळी धरते आणि क्षणापूर्वीं वाहणारा प्रवाह एकाएकीं बंद पडतो. १९०४ सालीं फेलिक्स मार्शां या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानें या विकारास 'अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस' असें नांव दिलें. त्यांतील पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ लापशी आणि दुसऱ्याचा अर्थ कठीण होणें असा आहे. अशी रोहिणी कापून पाहणाऱ्यास बाहेर कठीण कवच आणि आंत लापशीसारखा लगदा दिसतो. म्हणूनच हें नांव टिकलें.

हा विकार केवळ आधुनिक राहणीचें फळ आहे असें पुष्कळदां बोललें जातें. पण तें पूर्णपणें खरें नाहीं. १९११ सालीं मार्क आर्मां रुफर यांनीं इजिप्तमधील ममींच्या रोहिण्यांत याच विकाराच्या खुणा असल्याचें सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें दाखवून दिलें. पुढें १०० वर्षांनीं शास्त्रज्ञांच्या एका मंडळानें इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्यूशियन बेटें येथील १३७ ममींची सीटी यंत्रानें तपासणी केली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणें त्यांपैकीं ४७ ममींत, म्हणजे शेंकडा ३४ जणांत, रोहिणीकाठिण्याचीं निश्चित किंवा संभाव्य चिन्हें आढळलीं. त्यांत शेती करणारे लोक होते, तसेच शिकारीवर जगणारेहि होते. राहणीनें हा विकार बळावतो हें निर्विवाद आहे. तथापि त्याचें बीज मनुष्यदेहाच्या घडणींतच कोठें तरी असलें पाहिजे, असें या पुराव्यावरून म्हणावें लागतें.

हें बीज कोणतें, यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन थोर पंडितांचा वाद झाला. व्हिएन्ना येथील कार्ल रोकिटान्स्की यांचें म्हणणें असें होतें कीं, रक्तांतील गोठणारा पदार्थ रोहिणीच्या आंतल्या बाजूवर बसतो आणि त्यापासूनच हे थर बनतात. जर्मनींतील रुडॉल्फ फिर्खो यांचें मत निराळें होतें. रोहिणीच्या भिंतीलाच इजा होऊन तेथें दाह उत्पन्न होतो, आणि ही वाढ त्या दाहाची प्रतिक्रिया होय, असें ते म्हणत. दोघांच्याहि हातांत सुरी आणि सूक्ष्मदर्शक हींच साधनें होतीं. मेलेल्या देहांत विकाराची अखेर दिसते. त्याचा आरंभ दिसत नाहीं. त्यामुळें हा वाद त्या काळीं सुटणें शक्य नव्हतें.

आरंभ पाहावयाचा तर विकार डोळ्यांदेखत उत्पन्न करावयास हवा होता, आणि तें काम रशियांत झालें. १९१० सालीं आडोल्फ विन्डाऊस या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें विकारग्रस्त महारोहिणींत निरोगी महारोहिणीपेक्षां कोलेस्टेरॉल नांवाचा मेणासारखा पदार्थ अनेक पटींनीं अधिक असतो हें मोजून सिद्ध केलें होतें. त्यापूर्वीं दोन वर्षें सेंट पीटर्सबर्ग येथें इग्नाटोव्हस्की यांनीं सशांना मांस, अंडीं व दूध चारून त्यांच्या रोहिण्यांत हा विकार उत्पन्न केला होता. मात्र त्याचें खापर त्यांनीं मांसांतील प्रथिनांवर फोडलें. १९१३ सालीं त्याच शहरांतील निकोलाय आनिच्कोव्ह आणि सेम्योन खालाटोव्ह या तरुण संशोधकांनीं शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलांत विरघळवून सशांस दिलें, आणि तुलनेसाठीं दुसऱ्या सशांना नुसतें तेल दिलें. पहिल्या सशांच्या रोहिण्यांत पिवळे थर उमटले. दुसऱ्यांच्या रोहिण्या स्वच्छ राहिल्या. त्या थरांत आनिच्कोव्ह यांना एक विशेष प्रकारच्या पेशी दिसल्या. त्यांच्या पोटांत स्निग्ध पदार्थाचे इतके बिंदू भरलेले होते कीं सूक्ष्मदर्शकाखालीं त्या साबणाच्या फेसासारख्या दिसत. यांनाच पुढें फेनपेशी हें नांव मिळालें. या कथेंत त्यांचें काम मोठें आहे.

आनिच्कोव्ह यांचा प्रयोग निर्दोष असूनहि वैद्यकीय जगानें कित्येक वर्षें त्याकडे दुर्लक्ष केलें. ससा हा शाकाहारी प्राणी. त्याच्या आहारांत कोलेस्टेरॉल नसतेंच. उंदीर व कुत्रे यांना तेंच चारलें तर त्यांना हा विकार सहसा होत नसे. मग सशावरून मनुष्याविषयीं अनुमान कसें करावें? या शंकेस उत्तर मिळण्यास १९५० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें जॉन गॉफमन यांनीं अतिवेगानें फिरणाऱ्या यंत्रांत रक्तद्रव घालून त्यांतील स्निग्ध पदार्थ निरनिराळ्या घनतेच्या कणांत वांटलेला असतो हें दाखविलें. कोलेस्टेरॉल पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून तें प्रथिनांच्या वेष्टणांत बसून रक्तांतून प्रवास करतें. त्या वाहनांपैकीं कमी घनतेच्या एका जातीस एलडीएल असें म्हणतात, आणि या कणांची संख्या ज्यांच्या रक्तांत अधिक त्यांना हृदयविकार अधिक, असें पुढील अनेक पाहण्यांत आढळून आलें.

येथवर सर्व कांहीं सरळ होतें. परंतु टेक्सास राज्यांतील डॅलस येथें जोसेफ गोल्डस्टाइन आणि मायकेल ब्राउन या जोडीनें १९७३ व १९७४ सालीं केलेल्या संशोधनांतून एक मोठें कोडें उभें राहिलें. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल कणांना आंत घेणारीं जणूं दारेंच असतात, असा त्यांचा शोध होता; त्याबद्दल त्यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पेशीला पुरेसें कोलेस्टेरॉल मिळालें कीं ती हीं दारें कमी करते, म्हणजे तिचें पोट वाजवीपेक्षां अधिक भरत नाहीं. कांहीं कुटुंबांतील मुलांना जन्मतःच हीं दारें नसतात. त्यांच्या रक्तांत एलडीएल सांचून राहतें आणि बालपणींच हृदयविकाराचा झटका येण्यापर्यंत पाळी येते. आतां आश्चर्य असें कीं, दारें नसलेल्या या मुलांच्या रोहिण्यांतहि फेनपेशी असतात व त्या कोलेस्टेरॉलनें तुडुंब भरलेल्या असतात. दारेंच नाहींत, तर माल आंत गेला कोठून? १९७९ सालीं याच मंडळीनें प्रयोगशाळेंत एलडीएलवर एक रासायनिक संस्कार केला. तेव्हां असें दिसलें कीं, भक्षक पेशी मूळ एलडीएलला फारसा हात लावीत नाहींत, पण तो बदललेला कण मात्र आधाशासारखा गिळतात. त्यांच्यापाशीं बिघडलेला माल उचलण्यासाठीं निराळींच दारें होतीं, आणि तीं पोट भरलें तरी बंद होत नसत. पण तो विशिष्ट संस्कार मनुष्यदेहांत होत नाहीं. तर मग देहांत एलडीएलला बिघडविणारी गोष्ट कोणती?

या प्रश्नाचें उत्तर विज्ञानाच्या दुसऱ्याच एका शाखेंत वाढत होतें. १९०० सालीं अमेरिकेंतील मिशिगन येथें मोझेस गोम्बर्ग यांनीं एक विलक्षण द्रव्य तयार केलें होतें. रेणूंतील इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीनें राहतात. या द्रव्यांत एक इलेक्ट्रॉन जोडीदारावांचून होता. असा एकाकी इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूस मुक्त मूलक म्हणतात. तो दुसऱ्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो दुसरा रेणु तिसऱ्यावर धाड घालतो, आणि अशी साखळी सुरू होते. तेल खवट होतें तें याच साखळीनें. १९५६ सालीं डेनम हारमन यांनीं असें सुचविलें कीं, शरीरांत सहज उत्पन्न होणारीं मुक्त मूलकें हींच वार्धक्याचें कारण असावींत. प्रथम या मताची फारशी कोणी दखल घेतली नाहीं, कारण सजीव देहांत अशीं उग्र मूलकें असतात यालाच पुरावा नव्हता. तो १९६९ सालीं मिळाला. ड्यूक विद्यापीठांतील जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनीं प्राणवायूपासून बनलेल्या एका मूलकाचा नाश करणारें द्रव्य शरीरांतच असतें असें दाखविलें. घरांत आग विझविण्याचें साधन कायमचें ठेवलेलें असेल, तर त्या घरांत आगीची भीति नेहमींचीच असली पाहिजे, असें या शोधावरून अनुमान निघालें. ही आग आणि ती विझविणारीं साधनें यांचा तोल ढळला म्हणजे जी स्थिति होते, तिला ऑक्सिडीकरणाचा ताण असें म्हणतात. १९८५ सालीं हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञानें याच नांवाचा ग्रंथ संपादित केला आणि तेव्हांपासून ती संज्ञा रूढ झाली.

रोहिणींत खवटलेला स्निग्ध पदार्थ असतो हें त्यापूर्वींच डेन्मार्कमध्यें आढळलें होतें. १९५२ सालीं ग्लाविंद आणि त्यांचे सहकारी यांनीं विकारग्रस्त महारोहिण्या तपासून त्यांत ऑक्सिडीकरण झालेले स्निग्ध पदार्थ असल्याचें प्रसिद्ध केलें. त्या सहकाऱ्यांत जीवनसत्त्व के शोधून काढणारे नोबेल पारितोषिकाचे मानकरी हेन्रिक डाम हेहि होते. पण तो निबंध जवळजवळ तीस वर्षें विस्मृतींत पडून राहिला. कारण त्या निरीक्षणाला जोडावयास दुसरा दुवा त्या वेळीं कोणाजवळ नव्हता.

तो दुवा कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेंत मिळाला. १९८१ सालीं तेथील मंडळीनें रक्तवाहिनीच्या अस्तरांतील पेशींबरोबर एलडीएल कांहीं तास ठेवून दिलें. तेंच एलडीएल पुढें भक्षक पेशींना दिलें असतां त्या तें झपाट्यानें गिळूं लागल्या. म्हणजे जो बदल डॅलस येथें कृत्रिम रीतीनें घडविला होता, तशाच स्वरूपाचा बदल देहांतील पेशी स्वतःच घडवीत होत्या. १९८४ सालीं हा बदल म्हणजे ऑक्सिडीकरणच होय असें सिद्ध झालें, आणि त्या पेशींच्या द्रवांत जीवनसत्त्व ई मिसळलें तर तो होत नाहीं असेंहि दिसून आलें. १९८९ सालीं स्टाइनबर्ग, मूळचे भारतीय असलेले संपत पार्थसारथी आणि त्यांचे सहकारी यांनीं या सर्व धाग्यांचा एक गोफ विणून तो अमेरिकेंतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांत मांडला.

त्यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें होतें. एलडीएलचा कण रोहिणीच्या भिंतींत शिरतो आणि तेथें अडकून पडतो. रक्तांत असेपर्यंत त्याच्या रक्षणास अनेक द्रव्यें असतात. भिंतीच्या आडोशास तीं कमी पडतात. तेथें त्याचें ऑक्सिडीकरण होतें. खवटलेला कण भक्षक पेशींना आपल्याकडे बोलावतो, त्यांना तेथून परत जाऊं देत नाहीं, त्यांच्याकडून स्वतःला गिळवितो आणि अस्तराच्या पेशींना विषासारखा जाचतो. गिळणाऱ्या पेशी फुगून फेनपेशी होतात, त्या मेल्या म्हणजे त्यांच्या पोटांतील लगदा तेथेंच राहतो, आणि मार्शां यांची लापशी ती हीच. आनिच्कोव्ह यांचें कोलेस्टेरॉल, फिर्खो यांचा दाह आणि डॅलसचें कोडें या तिन्ही गोष्टी या एका उपपत्तींत व्यवस्थित बसत होत्या. शास्त्रांत अशी सुबक उपपत्ति क्वचितच जन्मास येते, आणि पुष्कळांना तिनें मोहित केलें यांत नवल नाहीं.

प्राण्यांवरील प्रयोगांनीं हा मोह अधिकच वाढविला. जपानमधील कोबे येथें योशिओ वातानाबे यांना एलडीएलचीं दारें जन्मतः सदोष असलेला ससा आढळला होता व त्यापासून त्यांनीं सशांचा एक वंशच वाढविला होता. १९८७ सालीं या सशांना प्रोब्यूकॉल नांवाचें ऑक्सिडीकरणरोधक औषध देण्यांत आलें. हें औषध कोलेस्टेरॉलहि थोडें उतरवितें. म्हणून सॅन डिएगोच्या मंडळीनें तुलनेच्या सशांना दुसऱ्या औषधानें त्याच पातळीवर आणून ठेवलें. दोहोंचें कोलेस्टेरॉल सारखें असूनहि प्रोब्यूकॉल घेणाऱ्या सशांच्या रोहिण्यांत विकार कमी वाढला. क्योटो येथेंहि त्याच वर्षीं या औषधानें वातानाबे सशांतील विकारास आळा बसल्याचें दिसून आलें. सशांपुरती तरी ही उपपत्ति कसोटीस उतरली होती.

मनुष्याची पाळी १९९३ सालीं आली. त्या वर्षाच्या मे महिन्यांत अमेरिकेंतून दोन मोठ्या पाहण्या एकदमच प्रसिद्ध झाल्या. एकींत ८७,२४५ परिचारिका होत्या, दुसरींत ३९,९१० पुरुष होते. आहारांतून व गोळ्यांतून जीवनसत्त्व ई सर्वांत अधिक घेणाऱ्या परिचारिकांना सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षां हृदयविकार सुमारें एक तृतीयांशानें कमी आढळला, आणि पुरुषांतहि निष्कर्ष त्याच दिशेचा होता. वर्तमानपत्रांनीं ही वार्ता घरोघर पोंचविली. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांना मागणी वाढली. कित्येक डॉक्टर स्वतःहि त्या घेऊं लागले. गोळी स्वस्त होती, ती निरुपद्रवी समजली जात होती, आणि तिच्या पाठीशीं प्रयोगशाळेचा भक्कम आधार होता. अशा स्थितींत कोणास शंका यावी?

तथापि ज्या संशोधकांनीं या पाहण्या केल्या होत्या त्यांनाच तिच्यांतील उणीव ठाऊक होती. जी व्यक्ति नेमानें जीवनसत्त्वाची गोळी घेते, ती बहुधा फळें-भाज्याहि अधिक खाते, व्यायाम करते, धूम्रपान टाळते आणि प्रकृतीची तपासणी वेळच्या वेळीं करविते. मग तिचें हृदय गोळीनें राखलें कीं या इतर संवयींनीं, हें नुसत्या निरीक्षणावरून कसें ठरवावें? गणितानें हे भेद कांहीं अंशीं वजा करतां येतात. पण जे भेद मोजलेलेच नाहींत ते वजा होत नाहींत. यावर उपाय एकच. हजारों माणसें घ्यावयाचीं, चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें त्यांचे दोन गट पाडावयाचे, एका गटास खरी गोळी आणि दुसऱ्यास हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी द्यावयाची, आणि कोणास कोणती मिळाली हें रुग्ण व डॉक्टर या दोघांपासूनहि गुप्त ठेवून वाट पाहावयाची. अशा परीक्षेस वर्षेंच्या वर्षें लागतात आणि खर्चहि अतोनात होतो. परंतु दैवयोगानें पाडलेल्या गटांत संवयींचे भेद दोन्हीकडे सारखेच वांटले जातात.

पहिला धक्का फिनलंडमधून बसला. तेथें धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर जीवनसत्त्व ई आणि गाजरांतील बीटा-कॅरोटीन यांची परीक्षा चालली होती. ती मुख्यतः फुप्फुसाच्या कर्करोगासाठीं होती. १९९४ सालीं तिचा निकाल लागला तेव्हां बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत कर्करोग कमी होण्याऐवजीं शेंकडा १८ नें वाढल्याचें दिसलें. ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य निरुपद्रवीच असतें ही समजूत त्या दिवशीं ढासळली. त्याच वर्षीं स्वीडनमध्यें ३०३ रुग्णांवरील परीक्षेंत असें आढळलें कीं, सशांना तारणाऱ्या प्रोब्यूकॉलनें मनुष्याच्या मांडीच्या रोहिणीला कांहींच लाभ होत नाहीं. १९९६ सालीं केंब्रिज येथील २,००२ रुग्णांच्या परीक्षेनें आशा पुन्हां पालवली. जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत प्राणघातक न ठरलेले झटके पुष्कळ कमी झाले. पण मृत्यूंची संख्या कांहीं घटली नाहीं. १९९९ सालीं इटलींतील ११,३२४ रुग्णांच्या परीक्षेंत जीवनसत्त्व ई निष्फळ ठरलें. पुढच्याच वर्षीं, मूळचे केरळचे डॉक्टर सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालीं कॅनडांतून चाललेल्या परीक्षेचा निकाल बाहेर आला. तींत ९,५४१ स्त्रीपुरुष होते आणि त्यांच्यावर सरासरीनें साडेचार वर्षें लक्ष ठेवलें होतें. जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १६.२ जणांना झटका, अर्धांगवायु किंवा हृदयविकारानें मृत्यु आला. न घेणाऱ्यांत हें प्रमाण १५.५ होतें. हा फरक नगण्य होता, पण तो गोळीच्या बाजूचा मुळींच नव्हता.

या मालिकेंतील सर्वांत स्पष्ट निकाल २००२ सालीं इंग्लंडमधून आला. ऑक्सफर्ड येथून चालविलेल्या या परीक्षेंत ब्रिटनमधील २०,५३६ रुग्ण होते आणि तिची रचना मोठी मार्मिक होती. एकाच वेळीं, त्याच माणसांवर, दोन उपायांची परीक्षा व्हावयाची होती. एक उपाय ऑक्सिडीकरण रोखण्याचा. त्यासाठीं रोज ६०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ई, २५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व सी आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलें जाई. दुसरा उपाय एलडीएल उतरविण्याचा. त्यासाठीं सिम्वास्टॅटिन हें औषध होतें. बुरशीपासून निघालेल्या ज्या द्रव्यानें या जातीच्या औषधांचा पाया घातला, तें जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलें होतें. पांच वर्षांनीं हिशेब झाला. जीवनसत्त्वें घेणाऱ्यांच्या रक्तांत त्यांचें प्रमाण चांगलें वाढलेलें होतें, म्हणजे गोळ्या पोटांत गेल्या होत्या यांत संशय नव्हता. तरी त्यांच्यापैकीं शेंकडा २२.५ जणांना हृदयाचा वा रक्तवाहिन्यांचा मोठा आघात झाला, आणि न घेणाऱ्यांपैकींहि बरोबर तितक्याच, म्हणजे २२.५ जणांना झाला. उलट सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत हें प्रमाण १९.८ होतें, तर न घेणाऱ्यांत २५.२. त्याच माणसांत आणि त्याच पांच वर्षांत कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या उपायानें शेंकडों माणसांवरील संकट टळलें, आणि खवटपणा रोखणाऱ्या उपायानें कोणाचेंहि टळलें नाहीं.

यानंतरच्या निकालांनीं या चित्रांत फरक पडला नाहीं. युसुफ यांच्या परीक्षेंतील लोकांवर पुढेंहि लक्ष ठेवलें असतां २००५ सालीं जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत हृदयाची शक्ति क्षीण होण्याचा विकार उलट अधिक आढळला. २००८ सालीं अमेरिकेंतील १४,६४१ पुरुष डॉक्टरांनीं स्वतःवर करून घेतलेल्या दीर्घ परीक्षेंतहि जीवनसत्त्वें ई आणि सी यांचा हृदयास उपयोग दिसला नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेच्या प्रतिबंधक वैद्यकाच्या सल्लागार मंडळानें हृदयविकार व कर्करोग टाळण्यासाठीं जीवनसत्त्व ई आणि बीटा-कॅरोटीन यांच्या गोळ्या घेऊं नयेत, हा आपला पूर्वीचाच सल्ला पुन्हां दिला.

मग स्टाइनबर्ग चुकले होते काय? या प्रश्नाचें उत्तर सावधपणें दिलें पाहिजे. विकारग्रस्त रोहिणींत ऑक्सिडीकरण झालेलें एलडीएल असतें, हें आज कोणीहि नाकारीत नाहीं. फेनपेशी बिघडलेला माल गिळून बनतात, हेंहि खरें आहे. घसरण झाली ती पुढच्या पायरीवर. एखादी गोष्ट विकाराच्या जागीं असते, तेवढ्यावरून ती काढून टाकली म्हणजे विकार बरा होईल असें ठरत नाहीं. शिवाय ती गोष्ट या विशिष्ट गोळीनें तेथून निघेल, हें त्याहूनहि वेगळें विधान आहे. जीवनसत्त्व ई ज्या प्रकारचीं मूलकें शमवितें, त्याहून निराळ्या मार्गांनींहि रोहिणीच्या भिंतींत ऑक्सिडीकरण होतें. कांहीं परिस्थितींत हेंच जीवनसत्त्व स्वतः मूलक बनून साखळी पुढें चालवूं शकतें, हें ऑस्ट्रेलियांतील संशोधनानें दाखविलें आहे. परीक्षेंतील रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचे. त्यांचा विकार तीस-चाळीस वर्षें जुना. सशांना मात्र औषध आरंभापासून मिळालें होतें. बरणीला पहिल्या दिवशीं झांकण लावणें आणि तेल खवट झाल्यावर लावणें यांत अंतर आहेच.

आणखीहि एक गोष्ट या काळांत स्पष्ट होत गेली. प्राणवायूचीं मूलकें हीं देहाचीं केवळ शत्रु नाहींत. १९७३ सालीं बर्नार्ड बेबियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, रक्तांतील पांढऱ्या पेशी हीं मूलकें मुद्दाम तयार करतात, आणि तें कार्य जंतूंना मारण्याच्या कामाशीं जोडलेलें असतें. ज्या मुलांत ही शक्ति जन्मतः नसते तीं वारंवार गंभीर जंतुसंसर्गानें आजारी पडतात. तेव्हां जी आग घराला जाळूं शकते तिच्यावरच चूलहि पेटते. ती सरसकट विझवूं पाहणारा उपाय हितकर ठरेल असें गृहीत धरणें घाईचेंच होतें.

या अपयशांतून जें उरलें तें मात्र मोलाचें आहे. खवटण्यास तेलच कमी मिळालें तर खवटपणाहि कमी होईल, हा साधा विचार अधिक फलदायी ठरला. एलडीएल उतरविण्याच्या औषधांनीं आयुष्य वाढतें हें १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ रुग्णांच्या परीक्षेंतच दिसलें होतें. तींत मृत्यूंची संख्या शेंकडा ३० नें घटली. फिर्खो यांचा दाहाचा विचारहि पुन्हां सन्मानानें परत आला. २०१७ सालीं १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाची परीक्षा झाली. कोलेस्टेरॉलला स्पर्श न करतांहि त्याच्या एका मात्रेनें पुन्हां झटके येण्याचें प्रमाण शेंकडा १५ नें कमी केलें. पण त्याबरोबर प्राणघातक जंतुसंसर्गहि वाढले. म्हणजे येथेंहि हिशेबाच्या दोन्ही बाजू पाहाव्याच लागतात. तंबाखू सोडणें, रक्तदाब आटोक्यांत ठेवणें, चालणें-फिरणें आणि जीवनसत्त्वें गोळीऐवजीं ताज्या फळभाज्यांतून घेणें, हे उपाय या सर्व वादळांत जागचे हलले नाहींत.

औषधांच्या दुकानांत आजहि ऑक्सिडीकरण रोखण्याच्या नांवावर कितीतरी बाटल्या मांडलेल्या असतात, आणि त्यांच्यावरील मजकुरांत मुक्त मूलकांची भीति घातलेली असते. तो मजकूर १९८९ सालच्या उपपत्तीवर आधारलेला असतो. २००२ सालचा निकाल त्यांत छापलेला नसतो. घरांतील वडील माणसांसाठीं अशी बाटली घेण्यापूर्वीं गृहस्थानें दोन प्रश्न विचारणें इष्ट आहे. हें द्रव्य रक्तांत काय करतें, एवढेंच सिद्ध झालें आहे काय? कीं तें घेणारीं हजारों माणसें आणि न घेणारीं हजारों माणसें शेजारीं ठेवून, कोण अधिक काळ निरोगी राहिलें, हें कोणी मोजलें आहे? रोहिणीकाठिण्याच्या इतिहासानें पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास सुमारें ४० वर्षें घेतलीं आणि दुसऱ्याचें उत्तर देण्यास आणखी १० वर्षें. तेवढा विलंब आणि एवढ्या माणसांचें सहकार्य खर्चून मिळालेलें हें ज्ञान आहे. तें फुकट जाऊं न देणें हें वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या प्रत्येक घराच्या हातीं आहे.